स्पिटफायर/हेरल्ड : गिअर लिंकेजचे झिजलेले बुश बदलणे, मापं आणि मटेरियल

भाट्येकर
नमस्कार मंडळी. गाडी ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ४, ओव्हरड्राइव्ह (हायवेसाठीचा जादा गिअर) नाही. समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर बंद शेडमध्ये असते. लक्षणं अशी:

न्यूट्रलमध्ये दांडा मुठीपाशी खूप हलतो, आणि गिअर टाकल्यावरही तो हलणं थांबत नाही. इंजिन ३००० च्या पुढे गेलं की झिणझिण आवाज येतो, मुठीवर हात ठेवला की बंद. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा परत पहिल्याच्या रांगेत शिरू पाहतो. क्लच ठीक आहे, गिअर कुरकुरत नाहीत.

गॅरेजमध्ये सांगितलं की गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल. नुसते लिंकेजचे (दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडांचे) बुश, म्हणजे जोडातल्या झिजणाऱ्या नळ्या, बदलून भागेल का? आणि ते इथे लेथवर करून घेता येतील का?

टर्नर_खेर्डी
गिअरबॉक्स उतरवू नका. तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणं लिंकेजची आहेत. दातांचा किंवा सिंक्रोचा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या भागाचा) दोष असता तर गिअर कुरकुरले असते, नाहीतर निसटले असते.

या गाडीत दांडा थेट गिअरबॉक्सवर बसत नाही. गिअरबॉक्सच्या वरच्या कव्हरला मागे अ‍ॅल्युमिनियमचं एक्स्टेंशन आहे. दांडा त्याच्यावर बसतो आणि आतला एक शाफ्ट हालचाल पुढे सिलेक्टरपर्यंत (गिअर निवडणाऱ्या रॉडांपर्यंत) नेतो. या वाटेवर झिजणाऱ्या जागा तीन:

१. दांड्याचा गोल ज्या वाटीत फिरतो ती नायलॉनची वाटी, वर स्प्रिंग आणि टोपी.
२. दांड्याचं खालचं टोक शाफ्टला जिथे बोल्टने जोडलंय तिथले दोन खांदेवाले बुश आणि त्यांच्या आतली स्टीलची स्लीव्ह.
३. शाफ्टच्या पुढच्या टोकाच्या कपलिंगमधला रबराचा बुश.

आधी मोजा, मग उघडा. मुठीच्या मध्यावर चिकटपट्टीने एक काडी लावा, शेजारी स्टीलची पट्टी उभी धरा, आणि गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून दांडा मागेपुढे व आडवा नुसता बोटाने ढकलून पाहा. विरोध लागेपर्यंत किती मिलिमीटर हलतो ते दोन्ही दिशांचं वेगळं लिहून ठेवा. त्यानंतर मूठ धरून दांडा सरळ वर उचला. वर-खाली टकटक झाली तर वाटी नाहीतर स्प्रिंग गेली.

आंबोलीवळण
टर्नरदादांना एक पुरवणी. इंजिन आणि गिअरबॉक्सची रबरं बघायला विसरू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्या-दाबल्याबरोबर दांडा पुढेमागे उडत असेल तर तो बुशांचा दोष नाही, गिअरबॉक्सखालचं माउंटिंग फाटलेलं असतं. गिअरबॉक्समधून ऑइल गळत असेल तर ते याच रबरावर उतरतं आणि रबर फुगून मऊ पडतं. माउंटिंग तसंच ठेवून बुश नवे टाकले तर पैसे वाया.

घाट उतरताना गिअर निसटतो का, हेही सांगा. इंजिनच्या ओढीवर दुसरा-तिसरा निसटत असेल तर डिटेंटच्या (गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या) स्प्रिंगा किंवा सिंक्रो हब तपासावा लागतो. तिथे बुशांचा वाटा असलाच तर एवढाच की दांडा पूर्ण जागेवर पोचत नाही, किंवा पोचण्याआधी टनेलच्या (गिअरबॉक्सवरच्या कव्हरच्या) भोकाच्या कडेला टेकतो.

भाट्येकर
मोजलं. चौथ्यात आडवा २६ मिमी, मागेपुढे १४ मिमी. वर-खाली टकटक आहे, थोडी. अ‍ॅक्सिलरेटरला दांडा उडत नाही. आंबा घाटात उतरताना गिअर निसटलेला नाही.

टर्नर_खेर्डी
मग गिअरबॉक्स चांगला आहे, गॅरेजवाल्याला नम्रपणे नाही म्हणा.

हा आकडा एवढा मोठा का दिसतो ते समजून घ्या, म्हणजे कुठे किती अचूक काम हवं ते कळेल. दांडा ही तरफ आहे. गोलाच्या मध्यापासून मुठीपर्यंत समजा २४ सेंमी आणि गोलापासून खालच्या बोल्टपर्यंत ४ सेंमी, तर प्रमाण सहापट. खालच्या बुशात अर्धा मिलिमीटर ढिलाई झाली की मुठीला ३ मिमी. तिथे दीड मिमी झिजलं असेल तर ९. कपलिंगचं रबर पिळवटलेलं असेल तर त्याची ढिलाई याच्यात मिळते, आणि गोलाची वाटी सैल असली की तरफेचा टेकूच हलतो. म्हणून एकच बुश बदलून फरक अर्धवटच पडतो. तुमच्या गाडीचं प्रमाण दांडा बाहेर आला की स्वतः मोजा.

चाकरमानी७२
पार्ल्यात स्टँडर्ड हेरल्ड आहे, गणपतीत गुहागरला जाते. मद्रासला बनलेल्या हेरल्डला हेच सगळं लागू होतं का? पहिल्या गिअरला माझ्याकडे कुरकुर आहे.

आंबोलीवळण
हो. स्पिटफायर हेरल्डच्याच चॅसिसवर बेतलेली आहे आणि गिअर लिंकेजची रचना एकाच कुळातली. भाग मागवताना मात्र जुना भाग हातात धरून माप जुळवा, वर्षागणिक छोटे फरक आहेत.

पहिल्याच्या कुरकुरीसाठी बुश बदलू नका. हेरल्डच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की ती कुरकुरणारच. स्पिटफायरला पहिल्याचा सिंक्रो मार्क ४ पासून, म्हणजे १९७० च्या शेवटापासून मिळाला. गाडी थांबलेली असतानाही कुरकुर होत असेल तर क्लच पुरता सुटत नाहीये. मास्टर-स्लेव्ह सिलिंडर आणि पेडलच्या पिनची ढिलाई पाहा.

मीठवारा
उघडण्याचा क्रम लिहिते. ज्यांनी आधी केलं नाही त्यांनी वाचूनच हात घालावा.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. दोन्ही सीटा आणि मधला गालिचा बाहेर. डॅशबोर्डच्या मध्याखालचा आधाराचा ब्रॅकेट सोडवा, तो टनेलच्या आड येतो. मूठ आणि तिच्याखालचा चेकनट काढून रबरी बूट उचला. मग टनेल कव्हरचे स्क्रू. हे कव्हर बऱ्याच गाड्यांत दाबलेल्या पुठ्ठ्याचं असतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यांत कडा भिजून पापुद्रे सुटलेले असतात. ओढू नका. एक बाजू आधी मोकळी करून तिरकं करून काढा. कडा भुसभुशीत असतील तर बाहेर आल्यावर दोन दिवस उन्हात ठेवा, मग दोन्ही बाजूंना इपॉक्सी रेझिनचा पातळ हात द्या. परत बसवताना कडेला फोमची पट्टी लावली नाही तर इंजिनची गरम हवा आणि रस्त्याचं पाणी दोन्ही पायाशी येतं.

आता वरचं कव्हर आणि एक्स्टेंशन समोर दिसेल. उघडण्याआधी डिझेल आणि ब्रशने सगळं धुऊन, पुसून कोरडं करा. गिअर न्यूट्रलमध्येच हवा. रिव्हर्स लाइटच्या स्विचची वायर असेल तर काढा. कव्हरचे बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. जाड पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तळाला टेकतो, तुम्हाला वाटतं आवळला, आणि गॅस्केट गळत राहतं.

कव्हर सरळ वर उचला. सिलेक्टरचे रॉड आणि फोर्क (गिअर सरकवणारे चिमटे) कव्हरबरोबर वर येतात. ते रॉड बाहेर ओढू नका. त्यांच्यामध्ये इंटरलॉकच्या (एका वेळी दोन गिअर पडू न देणाऱ्या) गोळ्या आणि डिटेंटच्या स्प्रिंगा आहेत, त्या उडाल्या की काम दुप्पट. उघड्या गिअरबॉक्सवर लगेच स्वच्छ कापड बांधा. नट आत पडला तर खरंच गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

दर्यावर्दी
मीठवारा ताईंनी सगळा बरोबर सांगितलान. एक गोष्ट माझ्याकडसून. दर्याकाठच्या गाडीचो बोल्ट अ‍ॅल्युमिनियमात धरलेलो असतलो. घाई करू नको रे भाट्येकरा. आदल्या राती पेनिट्रेटिंग ऑइल सोड, सकाळी परत सोड, मग आधी आवळण्याच्या दिशेन इल्लो फिरव, मग सोड. कट्कन आवाज इलो की अर्धी लढाई जिंकलंस.

मीठवारा
बरोबर, दर्यावर्दी काका. खाऱ्या हवेत स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खातं आणि पांढरी पूड बोल्टच्या आट्यांत घट्ट बसते. नुसता जोर लावला तर बोल्टचं डोकं तुटतं. एक्स्टेंशनला हीट गन द्यायला हरकत नाही, पण वाटी आणि बुश आत असताना नको, नायलॉन वितळतो. परत बसवताना आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा. पेस्ट लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला जास्त आवळला जातो हे ध्यानात ठेवा. कव्हरच्या ५/१६ बोल्टांना १८ ते २० न्यूटन-मीटर पुरे.

भाट्येकर
कव्हर टेबलावर आलं आहे. टोपी दाबून फिरवली की सुटते, ते कळलं. खालच्या बोल्टचे बुश बघितले तर एक दुभंगलाय, दुसरा अंडाकृती. स्लीव्हवर मध्ये खाच पडली आहे, नखाला लागते. बोल्टच्या आट्यांना जवळच्या हार्डवेअरमधला एम-८ नट दोन फेरे जाऊन अडला.

टर्नर_खेर्डी
थांबा, तो नट पुढे नेऊ नका. ट्रायम्फचे आटे इंचाचे आहेत, यूएनएफ म्हणजे बारीक आट्यांचे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, इंचाला २४ आटे. एम-८ चा आटा १.२५ मिमीचा. व्यास जवळपास सारखा म्हणून सुरू होतो आणि मग दोन्ही आटे खातो. पाने ७/१६ आणि १/२ चे ए/एफ (नटच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं इंचातलं माप) लागतील. मेट्रिकपैकी १/२ ला १३ चा चालून जातो, ७/१६ ला ११ चा. नट-बोल्ट इकडे मिळाले नाहीत तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला नमुना दाखवून घ्या. खालच्या बोल्टला नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नटच घ्या, स्प्रिंग वॉशरवर भागवू नका.

दांड्याच्या तळाच्या पोटात छोटी स्प्रिंग आणि तिच्या टोकाला प्लंजर (दाबून धरणारी छोटी खिटी) आहे का बघा. ती झिणझिण थांबवण्यासाठीच असते. दांडा निघताना उडते आणि कपाटाखाली जाते. नसेल तर आधीच कोणीतरी हरवली आहे. ती नवी टाकल्याशिवाय ३००० च्या पुढचा आवाज पूर्ण जाणार नाही.

भाट्येकर
प्लंजर आहे, स्प्रिंग गंजून दोन तुकडे. बुश करून घ्यायला मिरजोळे एमआयडीसीत जातोय. तिथे नायलॉनचा रॉड तयार आहे म्हणतात. घेऊ का?

टर्नर_खेर्डी
नायलॉन नको, अ‍ॅसिटल मागा. दुकानात डेल्रिन किंवा पीओएम म्हटलं की कळतं. २५ मिमीचा पांढरा किंवा काळा रॉड, १०० मिमी तुकडा पुरून उरतो.

कारण सांगतो, आपल्या किनाऱ्यावर हेच सगळ्यात जास्त फसतं. नायलॉन हवेतलं बाष्प पितो. पूर्ण भिजलेला नायलॉन-६ वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी धरतो, अ‍ॅसिटल एक टक्क्याच्या आसपासच राहतं. पाणी प्यायलेला नायलॉन मापात दीड-दोन टक्के सहज वाढतो. १२ मिमीवर दोन टक्के म्हणजे जवळजवळ पाव मिलिमीटर. बुश बाहेरून लोखंडी डोळ्यात (तो बसतो त्या भोकात) अडकलेला असतो, त्याला फुगायला आतल्या भोकाकडेच जागा मिळते. मे महिन्यात एसीतल्या वर्कशॉपमध्ये नेमक्या मापाने कातलेला बुश जुलैत स्लीव्हला आवळून बसतो. दांडा जड होतो, सोडल्यावर मधे येत नाही. मग माणूस कानस घेऊन भोक मोठं करतो, आणि डिसेंबरात हवा कोरडी झाली की तोच बुश खडखडतो.

तयार किटमधले नायलॉनचे बुश मिळाले तर वाईट नाहीत. बसवण्याआधी स्लीव्हवर हाताने फिरवून पाहा, मोकळे फिरले पाहिजेत.

चाकरमानी७२
आणि अ‍ॅसिटल मिळालंच नाही तर?

टर्नर_खेर्डी
तर नायलॉनचा बुश बाहेरून पूर्ण करा, आतलं भोक ०.३ मिमी कमी ठेवा. तीन-चार तास पाण्यात उकळा, पाण्यातच गार होऊ द्या, डोळ्यात दाबून बसवा आणि मगच आतून रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) फिरवा. जे फुगायचं ते आधीच फुगून घेतं.

पितळ किंवा गनमेटलचे बुश करू का, असं कोणीतरी विचारणारच. झीज कमी होईल, पण धातूवर धातू आला की इंजिनची थरथर थेट मुठीत येईल, आणि आता बुश झिजतोय त्याऐवजी शाफ्टचा डोळा झिजेल. बुश हा झिजण्यासाठीच असतो, तो स्वस्त भाग राहू द्या.

आता मापं. कागदावर लिहून टर्नरच्या हातात द्या, तोंडी सांगू नका.

डोळ्याचं भोक व्हर्नियरने दोन दिशांना मोजा. दोन मापांत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर भोक अंडाकृती आहे, आधी रीम करून गोल करा आणि बुशाचा बाहेरचा व्यास त्याप्रमाणे वाढवा. बाहेरचा व्यास भोकापेक्षा ०.०५ मिमी जास्त, म्हणजे दाबून बसेल. आतला व्यास स्लीव्हपेक्षा ०.०५ ते ०.१० जास्त, पण बुश डोळ्यात बसवल्यानंतर. दाबून बसवला की आतलं भोक थोडं आकसतं, म्हणून शेवटचा रीमर जागेवरच. खांद्याची जाडी जुन्या बुशाच्या न झिजलेल्या कडेवरून घ्या.

स्लीव्ह नवी करा, खाच पडलेली परत वापरू नका. किनाऱ्यावर एसएस ३०४ चांगली, कडा मोडलेल्या हव्यात. आणि तिची लांबी, इथे बहुतेक जण चुकतात: दोन्ही बुश समोरासमोर बसवून त्यांची एकूण रुंदी मोजा, स्लीव्ह त्यापेक्षा ०.१५ ते ०.२० मिमी लांब हवी. बोल्ट आवळला की स्लीव्ह जोडाच्या दोन बाजूंच्या कानांमध्ये घट्ट धरली जाते आणि बुश तिच्यावर मोकळा फिरतो. स्लीव्ह आखूड झाली तर कान बुशाला चिमटतात. मग एकतर दांडा जड होतो, नाहीतर कोणीतरी नट सैल ठेवून 'जमवतो' आणि महिन्याभरात बुश दुभंगतो. तुमचा एक दुभंगलाय म्हणता, त्याची स्लीव्ह मोजून बघा.

भाट्येकर
मोजली. जुनी स्लीव्ह बुशांपेक्षा ०.४ मिमी आखूड आहे. 🙏

टर्नर_खेर्डी
मिळालं कारण.

आंबोलीवळण
पुढचं कपलिंग राहिलं. तिथला बुश रबराचाच ठेवा. पॉलियुरेथेनचा मिळतो आणि दांडा जास्त टणक वाटतो, पण रोजच्या वापरात थरथर वाढते. शाफ्टला कपलिंग धरून ठेवणारा बोल्ट टोकाला निमुळता असतो आणि शाफ्टच्या खळग्यात बसतो. सोडण्याआधी शाफ्ट आणि कपलिंगवर मिळून एक रेघ ओढा. तो निमुळता बोल्ट सैल असला तर बुश कितीही नवे असोत, दांडा वळवल्यावर शाफ्ट आधी थोडा रिकामा फिरतो. बसवताना खळगा साफ करा, बोल्टच्या टोकाला शाई लावून एकदा आवळून काढा. शाई चारही बाजूंनी घासली गेली पाहिजे. एकाच बाजूने घासली तर टोक नीट बसत नाहीये.

ग्रीस कुठलं हे फार महत्त्वाचं. गोलाच्या वाटीत आणि अ‍ॅसिटल बुशात साधं लिथियम ग्रीस चालेल, पातळ थर. रबराला मात्र खनिज तेलाचं ग्रीस लावू नका, रबर फुगून भुसभुशीत होतं. बसवायला घसरडं हवं तर सिलिकॉन ग्रीस, नाहीतर साबणाचं पाणी.

मीठवारा
परत बसवण्याचं थोडक्यात. जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी पात्याने अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि तिथूनच गळतं. नवं कागदी गॅस्केट, दोन्ही बाजूंना पातळ सीलंट. कव्हर उतरवताना फोर्क त्यांच्या खाचांत बसतायत हे टॉर्चने बघून मगच खाली सोडा. कव्हर हाताने पूर्ण टेकलं पाहिजे, बोल्टने ओढून टेकवायचं नाही. बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने, दोन फेऱ्यांत.

टनेल कव्हर घालण्याआधी इंजिन बंद असताना चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. गिअर जात नसेल तर मागचं चाक उचलून हाताने थोडं फिरवा, दात समोरासमोर आलेले असतात. तोपर्यंत ऑइलही बघून घ्या. ओव्हरड्राइव्ह नसलेल्या गिअरबॉक्सला ०.८५ लिटर लागतं, बाजूच्या प्लगच्या काठापर्यंत. जीएल-४ दर्जाचं घ्या. सिंक्रोच्या रिंगा पितळेच्या जातीच्या आहेत आणि जीएल-५ मधली जास्तीची रसायनं त्यांना मानवतीलच असं नाही.

भाट्येकर
सगळं बसवलं. अ‍ॅसिटलचे बुश, नवी स्लीव्ह ०.१५ लांब, कपलिंगचं रबर नवं, वाटी आणि स्प्रिंग किटमधली, प्लंजरची स्प्रिंग नवी. त्याच काडीने आणि पट्टीने मोजलं: चौथ्यात आडवा ७ मिमी, मागेपुढे ४. झिणझिण नाही. दुसऱ्यातून तिसरा सरळ जातो. एकच शंका, रिव्हर्सला जाताना आधीपेक्षा दांडा लवकर अडतो, जोर लावावा लागतो.

टर्नर_खेर्डी
छान आकडे आहेत. रिव्हर्सच्या वाटेवरचा स्टॉप (दांडा अडवणारा बोल्ट) आधीच्या ढिलाईला धरून कोणीतरी पुढे घेतलेला असणार. त्याचा चेकनट सैल करा, अर्धा फेरा मागे घ्या, रिव्हर्स पूर्ण बसतो का बघा, नसेल तर आणखी पाव. फार मागे घेऊ नका, नाहीतर पुढचा गिअर घाईत टाकताना दांडा रिव्हर्सच्या रांगेत जाईल. बसल्यावर स्टॉप धरून ठेवून चेकनट आवळा, आणि इंजिन गरम झाल्यावर एकदा परत तपासा.

चाकरमानी७२
टर्नरदादा, हेरल्डसाठी तीच मापं घेऊन बुशांचा एक जोड तुमच्याकडे करून मिळेल का? शिमग्याला येतोय, जुने बुश आणि स्लीव्ह बरोबर आणतो.

टर्नर_खेर्डी
आणा. शाफ्टचा डोळाही काढून आणा, नुसत्या जुन्या बुशावरून माप घेत नाही मी.